लवचीक म्हणजे काय रे भाऊ?

मागच्या गुरुवारी आमच्या हापिसात एक प्रेझेंटेशन झालं. कारखान्यांना विकायच्या नव्या प्रॉडक्टचं. पस्तीस स्लाइड्स. बसल्या बसल्या मी मोजत होतो - 'फ्लेक्झिबल' हा शब्द एकोणीस वेळा आला, 'अ‍ॅजाइल' अकरा वेळा. 'ऑपरेटर' हा शब्द फक्त एकदा, आणि तोसुद्धा 'ऑपरेटरवरचं अवलंबित्व कमी करा' या वाक्यात. समोसे मात्र चांगले होते.

ते एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून या शनिवारी हा विषय. लेख जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी स्वतःचं पाप सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांवर तोंडसुख घ्यायला मी मोकळा.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने चाकणच्या बाजूला एका कारखान्यात एमईएस बसवली. आयटीतल्या पण कारखाना न पाहिलेल्या मंडळींसाठी : काय आणि किती बनवायचं याचा हिशोब ठेवते ती ईआरपी. ती ऑफिसात बसते. एमईएस शॉप फ्लोअरवर बसते. कुठला जॉब कुठल्या मशीनवर, कुठल्या प्रोग्रामने, कुणी करायचा हे ती सांगते आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवते. सिस्टीम लाइव्ह झाल्यावर पहिले काही दिवस सपोर्टला म्हणून मी नाइट शिफ्टला थांबायचो.

एका रात्री दोनच्या सुमारास एका व्हीएमसीचा स्पिंडल गेला. सकाळच्या गाडीत माल चढायचा होता. सेटर काका (पन्नाशी उलटलेली, त्याच कारखान्यात वीसेक वर्षं काढलेली) म्हणाले, "फिक्स्चर काढून शेजारच्या मशीनवर टाकतो. पाऊण तासात चालू." ते आणि त्यांचा हेल्पर कामाला लागले. फिक्स्चर बसलं, डायल लावून झालं, ऑफसेट घेतले. मग शेजारच्या मशीनच्या टर्मिनलवर बारकोड मारला आणि स्क्रीनवर लाल पट्टी - 'राउटिंग मान्य नाही'. प्रोग्राम डाउनलोड होईना. परत मारला. परत लाल पट्टी.

राउटिंग बदलायचा अधिकार प्लॅनिंगच्या साहेबांना होता, आणि ते घरी झोपलेले. ते उठून आले असते तरी नव्या राउटिंगला तीन सह्या आणि वर आमच्याकडे चेंज रिक्वेस्ट. ही लाल पट्टी मी स्वतः कोड केलेली होती. काकांना ते माहीत नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, मशीन हो म्हणतंय. तुमची सिस्टीम नाही म्हणतीये. आता ऐकायचं कुणाचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी गाडी अर्धी भरून गेली. चेंज रिक्वेस्ट पूर्ण व्हायला सतरा दिवस लागले आणि तिचं आम्ही बिल लावलं. त्या बिलाची अजूनही लाज वाटते.

गंमत म्हणजे त्या प्रोजेक्टच्या प्रपोजलमध्येही 'फ्लेक्झिबल' हा शब्द होता. आम्ही यायच्या आधी तो कारखाना रात्री दोन वाजता पाऊण तासात बदलू शकत होता. आम्ही गेलो आणि तेवढ्याच बदलाला सतरा दिवस लागायला लागले. मग लवचीक काय झालं?

माझं म्हणणं सरळ आहे. लवचीकपणा ही विकत आणून बसवायची वस्तू नाही. बदल करायचं ज्ञान आणि अधिकार जिथे एकाच माणसाकडे असतात, तिथेच तो असतो. आपण सॉफ्टवेअरवाले आणि आपल्याला पैसे देणारे मॅनेजर मिळून तो तिथून काढतोय, आणि तोच परत 'सोल्यूशन' म्हणून विकतोय.

पटत नसेल तर थोडा इतिहास बघू. फार जुना नाही, शंभरेक वर्षांचा.

हेन्री फोर्डची मॉडेल टी सगळ्यांना माहीत असते. तिच्या शेवटाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. १९२७ च्या मे महिन्यात दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि उत्पादन थांबवावं लागलं, कारण लोकांना ती गाडी नको झाली होती. नवी मॉडेल ए बाजारात आली डिसेंबरमध्ये. मधले कित्येक महिने फोर्डचे कारखाने थंड पडले होते. का? कारण हजारो मशीन्स एकेकाच कामासाठी बनवलेल्या होत्या. एकच पार्ट, एकच माप, पण काय स्पीड! जगातली सगळ्यात कार्यक्षम फॅक्टरी, आणि तिला दुसरी गाडी बनवता येईना. तिकडे शेवरोलेत विल्यम नुडसेन नावाचा गृहस्थ होता. आधी फोर्डकडेच होता, १९२२ साली जनरल मोटर्समध्ये गेला. त्याने साध्या, कुठलंही काम करू शकणाऱ्या मशीन्सवर भर दिला. त्या थोड्या हळू चालतील, पण बदलता येतील. १९२७ मध्ये शेवरोले फोर्डच्या पुढे गेली.

आता कुणी म्हणेल, अरे ते जुनं झालं, आता सीएनसी आहे, प्रोग्राम बदलला की पार्ट बदलला. ठीक. सीएनसीच्या काळात येऊ.

१९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये प्राध्यापक रामचंद्रन जयकुमार यांचा एक लेख आला होता. मिळाला तर जरूर वाचा. तेव्हा 'फ्लेक्झिबल मॅन्युफॅक्चरिंग सिस्टीम' नावाचं प्रकरण नवीन होतं. कॉम्प्युटरने एकत्र जोडलेल्या सीएनसी मशीन्स, जॉब आपोआप एकीकडून दुसरीकडे जाणार. जयकुमारांनी अमेरिकेतल्या ३५ आणि जपानमधल्या ६० अशा सिस्टीम्स तपासल्या. यंत्रसामग्री साधारण सारखीच. पण अमेरिकेत एका सिस्टीमवर सरासरी १० प्रकारचे पार्ट बनत होते आणि जपानमध्ये ९३! अमेरिकन सिस्टीमवर एक नवा पार्ट चढेपर्यंत जपानी सिस्टीमवर २२ चढत होते.

मशीन तेच, मग फरक कुठला? माणसांचा. जपानी कंपन्यांत त्या कामावरच्या ४० टक्क्यांहून जास्त लोक इंजिनिअर होते, आणि सगळ्यांना सीएनसीचं शिक्षण दिलेलं होतं. अमेरिकेत इंजिनिअर ८ टक्के, आणि सीएनसी शिकलेले पाव हिस्साही नाहीत. अमेरिकेत सिस्टीम बसवणारी टीम काम झालं की पांगायची, आणि मागे राहिलेल्यांनी चालू गोष्टीला हात लावायचा नाही. जपानमध्ये सिस्टीम बनवणारे इंजिनिअर फ्लोअरवरच थांबायचे, चालवायचे, रोज बदलायचे. म्हणजे अमेरिकन कंपन्यांनी लवचीक मशीन विकत घेतलं आणि ते मॉडेल टीच्या मशीनसारखं वापरलं.

सिस्टीम बसवायची, सही घ्यायची, टीम पुढच्या क्लायंटकडे. ओळखीचं वाटतंय ना? :)

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचा. १९६९ साली टोयोटाच्या एका हजार टनी प्रेसवर डाय बदलायला चार तास लागत. तसल्याच प्रेसवर जर्मनीत फोक्सवागनला दोन तास लागतात असं कळलं. शिंगोंनी आणि तिथल्या लोकांनी सहा महिने डोकं लावून चार तासांचे नव्वद मिनिटं केले. मग वरून हुकूम आला - तीन मिनिटांत करा. आणि पुढच्या तीन महिन्यांत ते झालंही. नवा प्रेस न घेता.

कसं? युक्ती आपल्या आज्जीला माहीत असलेलीच आहे. तवा तापत ठेवून मग कणीक मळायला कुणी घेत नाही. मशीन थांबलेलं असतानाच करावी लागणारी कामं वेगळी काढायची, आणि मशीन चालू असताना करता येतील ती वेगळी. पुढची डाय आधीच आणून ठेवायची, बोल्ट-पाने हाताशी, डायची उंची सारखी करून ठेवायची म्हणजे दर वेळी मोजायला नको. चौदा आटे फिरवायला लागणारा बोल्ट असेल तर एका झटक्यात बसणारा क्लॅम्प करायचा. 'स्मेड' या नावाने हे आज जगभर शिकवतात.

याने काय होतं ते आकड्यात बघा. समजा सेटअपला चार तास लागतात. २४०० नगांची बॅच काढली तर प्रत्येक नगावर सेटअपचे ६ सेकंद पडतात. आता सेटअप तीन मिनिटांचा केला तर तेच ६ सेकंद ३० नगांच्या बॅचला पडतात. २४०० च्या जागी ३०! म्हणजे गिऱ्हाइकाने मंगळवारी मागणी बदलली तर एक कारखाना म्हणतो 'आता चालू बॅच संपू दे', आणि दुसरा म्हणतो 'चहा घ्या, लावतो'. लवचीकपणा म्हणतात तो हा. यात एकही सर्व्हर नाही. आणि हे शोधायला त्या बोल्टला रोज पाना लावणारा माणूसच लागतो. चौदापैकी तेरा आटे फुकट फिरतात हे आपल्या डॅशबोर्डवर कधीच दिसणार नाही.

आता कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला जाऊ. एकाच जागेवर हा प्रयोग तीनदा झालाय, म्हणून.

तिथे जनरल मोटर्सचा एक बदनाम कारखाना होता. गैरहजेरी २० टक्क्यांच्या वर, मॅनेजमेंट-युनियनची रोजची मारामारी. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून त्याच आवारात 'नुम्मी' नावाची कंपनी सुरू केली. सुरुवातीचे कामगार बहुतांश जुनेच, ८० टक्क्यांच्याही वर. युनियनही तीच. आणि दोन वर्षांत तिथली उत्पादकता जुन्या कारखान्याच्या दुपटीच्या आसपास पोचली. गैरहजेरी ३-४ टक्क्यांवर आली.

नुम्मीत प्रत्येक कामाची पद्धत अगदी सेकंदापर्यंत ठरलेली असे. इथे आपण म्हणू, हे तर माझ्या लाल पट्टीसारखंच झालं! नाही. फरक असा की ती पद्धत काम करणाऱ्या टीमनेच, हातात स्टॉपवॉच घेऊन लिहिलेली असे. आणि जे लिहितात तेच बदलतात. गाडीचं मॉडेल बदललं, मागणी कमी-जास्त झाली, की टीम बसून काम नव्याने वाटून घेई. काही चुकलं तर कुणीही कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शके. आणि १९८८ मध्ये मागणी घसरली तेव्हा नुम्मीने कामगार कमी केले नाहीत, जादा लोकांना ट्रेनिंगला आणि सुधारणांच्या कामाला लावलं. ज्याला उद्या काढून टाकतील ही भीती नाही, तोच 'इथे एक माणूस जास्त आहे' हे तोंडाने सांगतो.

त्याच काळात खुद्द जनरल मोटर्स काय करत होती? रॉजर स्मिथ यांच्या कारकिर्दीत रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतत होती. उत्तर समोर स्वतःच्याच भागीदारीच्या कारखान्यात चालू होतं, पण ते माणसांत होतं आणि खरेदी खात्याला माणसांचं कोटेशन मागवता येत नाही.

२०१० मध्ये नुम्मी बंद झाली आणि ती जागा टेस्लाने घेतली. २०१७-१८ मध्ये मॉडेल थ्री तिथे सुरू झाली तेव्हा स्वप्न होतं पूर्ण ऑटोमॅटिक कारखान्याचं. रोबोंना बॅटरीवरची फायबरग्लासची चटई काही नीट उचलता येईना. कन्व्हेअरचं अतिगुंतागुंतीचं जाळं काढून टाकावं लागलं. शेवटी २०१८ च्या उन्हाळ्यात आवारात एक मोठा तंबू ठोकून त्यात माणसं जास्त आणि यंत्रं कमी अशी लाइन उभी करावी लागली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये खुद्द इलॉन मस्क यांनी अति-ऑटोमेशन ही आपली चूक झाली, माणसाला आपण कमी लेखतो, असं जाहीर मान्य केलं. चौतीस वर्षांपूर्वी त्याच जमिनीवर हे शिकून झालं होतं हो!

असो. कॅलिफोर्नियातून परत पुण्याला.

आपल्याकडे 'फ्लेक्झिबल' हा शब्द दोन खात्यांत दोन अर्थाने चालतो. प्रॉडक्शनवाले म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बदलाला तयार. एचआरवाले म्हणतात तेव्हा अर्थ - कधीही काढता येणारा. भोसरी, चाकण, रांजणगाव, कुठेही शिफ्ट सुटताना गेटवर उभे राहा. एकाच लाइनवर एकच काम करणारे लोक, पण काहींचं ओळखपत्र कंपनीचं आणि बाकीच्यांचं ठेकेदाराचं. २४० दिवस भरायच्या आत 'ब्रेक' देण्याचा प्रकार तर वर्षानुवर्षं चालत आलाय. पोरगा फिक्स्चरचा स्वभाव ओळखायला लागतो न लागतो तोच तो बाहेर, आणि नवा पोरगा आत.

मग नव्या पोराकडून चूक होऊ नये म्हणून मशीनला कुलूप. ते कुलूप लिहायला आम्ही. म्हणजे एका खात्याने लवचीकपणा गेटबाहेर घालवायचा, आणि दुसऱ्या खात्याने तो परवान्यासकट आमच्याकडून विकत घ्यायचा. धंदा म्हणून आमच्यासाठी उत्तमच, पण कारखाना म्हणून?

आता दुसरी बाजू. कारण ती आहे, आणि माझ्या हापिसातले मित्र हा मुद्दा काढणारच. माझी लाल पट्टी काही उगाच नव्हती. तो पार्ट उद्या एखाद्या गाडीच्या ब्रेकमध्ये जाणार असेल तर तो कुठल्या मशीनवर, कुठल्या टूलने बनला हे कळायलाच हवं. गाडी कंपनीने ज्या मशीनवरचा नमुना पास केलाय त्याऐवजी रात्री दोन वाजता भलत्याच मशीनवर माल काढणं हे गिऱ्हाइकाला न सांगता केलेली फसवणूक ठरू शकते. काकांचा अनुभव कितीही दांडगा असला तरी काकांचीही चूक होऊ शकते. हे सगळं मला मान्य आहे.

पण मग प्रश्न असा की दिवसाउजेडी, सवडीने, दुसरी मशीन आधीच पास करून का नाही ठेवली? कारण ते करायचं कुणाला सुचलंच नाही. आणि सुचलं नाही कारण रिक्वायरमेंट घेताना आम्ही तीन आठवडे प्लॅनिंगच्या एसी केबिनमध्ये बसलो आणि सेटरशी बोललो चाळीस मिनिटं. काकांना विचारलं असतं, "ही मशीन बंद पडली तर काय करता?" तर त्यांनी तिथेच सांगितलं असतं. त्यांच्या खिशात एक वही असायची, कुठला जॉब कुठल्या कुठल्या मशीनवर चालतो, कुठे किती ऑफसेट द्यावा लागतो, सगळं तारखेसकट. आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक जॉबपुढे एकच मशीन होतं.

नोंद ठेवणं आणि अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण आळसाने त्या एक करून टाकल्या. सिस्टीम असंही म्हणू शकली असती - पर्यायी मशीन आधीच पास आहे, सेटरची आणि क्वालिटीच्या माणसाची सही घ्या, पहिले पाच नग पूर्ण मोजा, ही बॅच वेगळ्या खुणेने बाजूला ठेवा, चालू करा. माग राहतो, गिऱ्हाइकाशी खोटं होत नाही आणि गाडीही भरते. हे लिहायला लाल पट्टीपेक्षा फार तर आठवडाभर जास्त लागला असता.

आणि हे सगळं आजच का म्हणाल, तर पुण्याच्या आसपासचे शेकडो छोटे-मोठे कारखाने पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर, क्रँकशाफ्ट यांवर जगतात. १ एप्रिल २०२० ला बीएस-फोरवरून थेट बीएस-सिक्सवर उडी मारताना त्यांची दमछाक झाली. आणि विजेच्या गाडीला तर यातलं बरंचसं लागतच नाही. ज्यांना दुसरं काही बनवायला शिकता येईल ते टिकतील. ज्यांनी शिकणारी माणसंच ठेवली नाहीत ते १९२७ चा फोर्ड होतील, फक्त त्यांच्याकडे फोर्डएवढे पैसे नसतील.

तेव्हा माझ्यासारखंच लॅपटॉप घेऊन कारखान्यात जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. डेमो द्यायच्या आधी एक अख्खी नाइट शिफ्ट फ्लोअरवर काढा. सेटरला विचारा, मशीन बंद पडलं तर काय करता. आणि सिस्टीम लाइव्ह व्हायच्या आधी स्वतःला विचारा - काल जो बदल हा माणूस पाऊण तासात करत होता, त्याला उद्या किती वेळ लागेल? उत्तर जास्त येत असेल तर लाइव्ह जाऊ नका.

गुरुवारच्या प्रेझेंटेशननंतर प्रश्न विचारायला पाच मिनिटं होती. मी विचारलं, "यात ऑपरेटरला काय बदलता येतं?" प्रेझेंटर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "स्क्रीनची भाषा."

सोमवारी त्या स्लाइडवर मी मेल लिहिणार आहे. मसुदा तयार आहे, त्यात काकांच्या वहीचा उल्लेख आहे. ते काका मागच्या वर्षी रिटायर झाले. वही ते घरी घेऊन गेले. कुणी मागितलीच नाही.